बंद पडलेलाच पाहिजे

तो पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हा स्वतः नखशिखांत भिजलेला होता आणि त्याचा रेनकोट कॉम्प्युटरनं घातला होता.

दसरा होऊन गेला होता, तरी परतीचा पाऊस परतायचं नाव घेत नव्हता. फुलसावंगीच्या स्टँडसमोर माझं दुकान आहे. दुकान कसलं... एक शटर, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि वर मीच रंगवलेली पाटी – 'संगीता कॉम्प्युटर दुरुस्ती'. त्या पाटीखाली तो उभा होता. कपाळावरून पाणी ओघळतंय, चष्म्याच्या काचा धूसर झाल्यात, आणि छातीशी तो रेनकोटातला डबा एखाद्या तापलेल्या लेकरासारखा धरलेला.

"इथे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे... कुठे असतात?"

"पाटी नाही वाचली काय?"

"वाचली ना. संगीता..."

"मंग? मीच संगीता. ठेवा तो डबा टेबलावर. आन् तुमी तिकडं उभे राहा, पानी गयते तुमचं मशीनवर."

तो मुकाट्यानं तिकडं जाऊन उभा राहिला. चष्मा काढला आणि ओल्या शर्टाला पुसला. अर्थातच तो आणखी बिघडला. मग तो हसला, आणि मी उगाचच स्क्रू शोधायला खाली वाकले. स्क्रू माझ्या हातातच होता.

त्याचं नाव श्रेयस पांढरीपांडे. यवतमाळचा. गावातल्या बँकेत नुकताच लागलेला.

मी डबा जोडला, बटन दाबलं. पंखा घरघरला, पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं उमटली. आतली एक महत्त्वाची फाईल उडाली होती, आणि मशीन म्हणत होतं की मूळ सीडी टाका, त्याशिवाय मी काही उठत नाही.

"ओरिजनल सीडी हाये काय? मशीनसोबत कंपनी देते ते?"

"असेल की. म्हणजे... घरी असेल. बाबांचा कॉम्प्युटर आहे हा." हे बोलताना तो छताकडं पाहत होता. तिकडं पाहण्यासारखं एक गळकं पत्र्याचं भोक सोडून काही नव्हतं.

"नाहीतं पेनड्राईव्हवरून नवीन टाकून देतो. घंटाभरात होते. पन आतलं सगळं पुसून जाईन."

"नको!" तो एवढ्यानं ओरडला की बाहेर पावसात उभी असलेली बकरी दचकली. "म्हणजे... पुसू नका. जसा आहे तसाच सुरू व्हायला पाहिजे. मी सीडी आणतो. लगेच नाही, पण आणतो. शोधावी लागेल."

"जुनं मशीन हाये. ज्या कंपनीचं हाये, त्याच कंपनीची पाहिजे. दुसरी चालत नाही."

"दुसरी मुळीच नाही आणणार," तो म्हणाला, आणि पुन्हा पावसात निघून गेला. रेनकोट तसाच कॉम्प्युटरच्या अंगावर राहिला.

खरं सांगायचं तर हल्ली सीडी म्हणजे पाखरं हाकलायची वस्तू. आमच्या तांड्यावर कुणाचंही वावर पाहा, ज्वारी निसवली की दोरीला सीड्या टांगलेल्या दिसतील. वारा आला की त्या गरगर फिरतात, ऊन फेकतात आणि चिमण्या बिचकतात. माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, भंगारवाल्या संजयला फुटक्या बादल्या देऊन ढीगभर सीड्या घेतल्या होत्या. असल्या दिवसांत हा माणूस ओरिजनल सीडी शोधायला निघाला होता.

त्याच संध्याकाळी घरी दुसरीच गोष्ट ताटात वाढून ठेवली होती. दिग्रसकडच्या पाहुण्यांचा निरोप आला होता. त्यांचा सेवादास मला आठ दिवसांपूर्वी पाहून गेला होता. शाळेत मास्तर, उंच, शांत, दारू नाही, तंबाखू नाही. वाईट असं त्याच्यात काहीच नव्हतं. तीच तर माझी पंचाईत होती. त्यांना मी पसंत होते आणि आता आमचा होकार हवा होता. आमच्यात होकार झाला की गूळ वाटतात, आणि एकदा गूळ तोंडात गेला की मग मागं फिरणं नाही.

घरी आम्ही गोरबोलीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत, बोलतो, पण इथं मराठीतच लिहिते, म्हणजे तुम्हाला अडायला नको.

"मंग काय सांगू त्याहिले?" याडीनं विचारलं. ती फेटियावर, म्हणजे घाघऱ्यावर, आरसे टाचत बसली होती. सुई वर, सुई खाली.

हो म्हणावं तर घशातून निघेना. नाही म्हणावं तर कारण सापडेना. माझ्या डोळ्यांपुढं का कोण जाणे, ओल्या शर्टाला चष्मा पुसणारा एक माणूस आला. मी गोंधळले आणि तोंडातून निघून गेलं, "हातात एक काम हाये, याडी. एक मशीन सुरू होऊन नाही राह्यलं. ते अर्धं टाकून मी कसं काही ठरवू? ते झालं की सांगतो."

याडीची सुई थांबली. आता यात एक गोम आहे. माझी याडी टाका अर्धा सोडून कधीच उठत नाही. दारात पाहुणा येवो, चुलीवर दूध उतू जावो, हातातला टाका पुरा करणार, गाठ मारणार, मगच उठणार. लहानपणापासून आम्हा भावंडांना तिनं हेच शिकवलं – अर्धं काम टाकून नव्या कामाला हात लावायचा नाही. तिचाच नियम मी तिच्यापुढं धरला होता.

"बरं," ती सुई पुन्हा चालवत म्हणाली. "होऊ दे तुहं काम. मी सांगतो त्याहिले, पोरीच्या हातात काम हाये म्हनून."

म्हणजे हिशेब असा झाला की त्याचा डबा सुरू होईल त्या दिवशी मला सेवादासचं उत्तर द्यायचं. रात्री गादीवर पडल्यावर ते माझ्या डोक्यात नीट उतरलं, आणि मला एकदम धडकीच भरली.

पहिली सीडी दोन दिवसांनी आली. तो बँक सुटल्यावर धापा टाकत आला आणि कागदात गुंडाळलेली सीडी माझ्या हातात अशी दिली की जणू आत पेढे आहेत.

मी पाहिली. "हे प्रिंटरची हाये."

"हो का? गोल तर आहे."

"भाकर बी गोल असते, साहेब. टाकू काय आतमंदी?"

तो हसला. मी हसले नाही. म्हणजे तो जाईपर्यंत नाही.

दुसऱ्यांदा आणली ती 'घरबसल्या इंग्रजी'. तिसऱ्यांदा भजनांची. चौथी त्याच्या आईची, सुहासिनीबाईंची – योगासनांची. तिच्या पाठीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात 'कुणी नेऊ नये' असं लिहिलं होतं.

"आईनं लिहिलंय न, कुनी नेऊ नये म्हनून?"

"माझी आई फार गमतीदार आहे."

"तुमी बी काही कमी नाही."

प्रत्येक वेळी मी ती सीडी टेबलाच्या कोपऱ्यात ठेवायची, तो 'अरेरे' म्हणायचा – आणि त्या 'अरेरे'मध्ये दुःख औषधालाही नसायचं. मग समोरच्या टपरीवरून दोन चहा यायचे. तो यवतमाळच्या गोष्टी सांगायचा, मी तांड्याच्या आणि नाल्यापलीकडच्या आमच्या वावराच्या. त्यानं एकदा विचारलं, "आईला तुम्ही याडी म्हणता ना?" आणि तो शब्द त्यानं असा जपून उच्चारला की मला माझीच बोली नव्यानं ऐकल्यासारखी वाटली. कधी लाईट जायची. मग अर्धं शटर, बाहेरचा करडा उजेड आणि आत आम्ही दोघं गप्प... तेव्हा काय बोलावं ते मला सुचायचं नाही, आणि लाईट आली की उगाच वाईट वाटायचं.

या माणसाचं मला काहीच कळत नव्हतं. याला मशीन सुरू व्हायला पाहिजे होतं की नको होतं? पुसू नका म्हणून ओरडला होता, पण आत काय आहे विचारलं की म्हणायचा, "तसं काही नाही." तसं काही नाही तर मग पुसायला काय झालं? मला वाटलं, फोटो असतील. कुणाचे? एखादीचे. यवतमाळची असेल, गोरीपान, सतार वाजवणारी. सतार मीच तिच्या हातात दिली, आणि मग दोन दिवस त्या सतारवालीवर मी मनातल्या मनात चिडून होते.

आणि माझं तरी कुठं नीट चाललं होतं? पुसदच्या मालवाल्याला एक फोन केला असता तर तसली सीडी त्यानं कुठूनही पैदा करून एसटीनं पाठवली असती. फोन टेबलावरच होता. मी तो रोज पुसून ठेवायची.

एकदा त्यानं लग्नाची सीडी आणली. वर काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी ती माझ्या मशीनमध्ये घातली. वरात निघाली, बँड वाजायला लागला, आणि घोड्यापुढं एक काडीसारखा पोरगा, ढगळ शेरवानीत, असा काही नाचत होता की घोडासुद्धा मागं सरकत होता.

"हा कोन?"

"बंद करा," श्रेयस म्हणाला. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"थांबा न! घोड्याले काहून भेव दाखवून राह्यला हा?"

"मावसबहिणीचं लग्न होतं. मी लहान होतो. बंद करा ना, प्लीज..."

तो बटणाकडं झेपावला, मीही झेपावले. सीडी बाहेर आली आणि दोघांची बोटं तिच्या एकेका कडेला. कुणीच सोडेना. त्या चकचकीत गोलात एक त्याचा डोळा दिसत होता, एक माझा. बाहेर एसटीचा कंडक्टर घंटी मारत होता, महागाव, महागाव म्हणून ओरडत होता.

"ही सीडी चालणार नाही ना?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "हे बी नाही चालत."

"बरं झालं," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "म्हणजे वाईट झालं."

त्या रात्री मी याडीकडं पाहायचंच टाळलं. दिग्रसवाल्यांचा पुन्हा निरोप आला होता. दिवाळीच्या आत गूळ व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं. "तुह्यं ते मशीन काय मागते तरी काय?" याडी करवादली.

"सीडी मागते. ओरिजनल. निया रंगाचा कागद चिपकवलेली, कंपनीचं नाव असलेली. ते त्याच्या यवतमायच्या घरी हाये म्हनते, पन सापडून नाही राह्यली."

याडीनं टाका पुरा केला, गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात आली. याडी दुकानात कधी येत नाही. स्टँडवरच्या लोकांपुढून ती पदराचा भला मोठा ओचा सावरत आली आणि टेबलावर रिकामा केला. खळखळ करत सीड्या पडल्या. ज्वारीच्या सगळ्या सीड्या, दोऱ्यांच्या तुटक्या टोकांसकट. चिमण्यांनी त्यांच्यावर आपली सही करून ठेवली होती.

"घे. सीडीच पाहिजे न? यातली एखादी लागू होईनच."

"याडी! अशी कोनतीबी नाही चालत. आन् वावर उघडं टाकून आली तू? पाखरं ज्वारी ठेवतीन काय?"

"ज्वारी दरसाल येते," याडी म्हणाली. "दिग्रसचं स्थय दरसाल येत नाही." आणि ती आली तशी निघून गेली.

मला हसू येत होतं. हसतहसत मी एकेक सीडी चाळत गेले. सिनेमाची गाणी, कुणाच्या बारशाचं शूटिंग, टायपिंगचे धडे... आणि मग माझं हसू थांबलं. निळा कागद. उन्हानं विटलेला, पण कंपनीचं नाव वाचता येत होतं. तीच कंपनी. तेच मॉडेल.

टाकूच नये, असं वाटलं. खरंच वाटलं. सीडी हातात धरून मी किती वेळ बसले ते मला ठाऊक नाही. चुलीत घालावी आणि मोकळं व्हावं... पण मग माझ्यात आणि पाटीवरच्या संगीतामध्ये काही नातं उरलं नसतं. मी मऊ कापसाचा बोळा घेतला, साबणाच्या पाण्यात बुडवला आणि सीडी आतून बाहेर अशी पुसली. घरी भरलेल्या सीड्या उन्हात पार मरतात. कंपनीची छापील सीडी चिवट असते. ओरखड्यांवर ती अडखळली, कुरकुरली, पण चालली. तासाभरानं पडदा निळा झाला आणि मशीन सुरू झालं.

पडद्यावर ना सतारवाली होती, ना त्याचे बाबा. पडद्यावर होत्या विमलताई. गावात कॉम्प्युटर क्लास चालवायच्या त्या विमलताई, मोगऱ्याचा गजरा माळून, क्लासच्या पाटीसमोर हसत उभ्या. मीही त्यांच्याकडंच शिकले. उन्हाळ्यात त्या लेकाकडं अमरावतीला गेल्या आणि क्लासचा सगळा माल संजयच्या भंगारात गेला. मशीनंही आणि सीड्याही. म्हणून तर ही सीडी आमच्या ज्वारीत होती.

मग हा डबा श्रेयसच्या बाबांचा कसा?

मी शटर ओढलं आणि थेट संजयचं दुकान गाठलं. तो पत्रे तोलत बसला होता.

"तो बँकेतला चष्मेवाला? हाव, घेऊन गेलता न," संजय म्हणाला. "पन मानूस जरा सरकेल वाटते मले. माह्यापाशी दोन डबे होते. म्या म्हनलं, साहेब, हा घ्या, हा चालू हाये. तं म्हने, नाही, मले बंद पडलेलाच पाहिजे. म्या म्हनलं, बंद पडलेला नेऊन काय करसान? तं म्हने, दुरुस्त करतो. म्या म्हनलं, अवो, मंग चालूच न्या न! ऐकतच नाही बावा. बंद पडलेलाच पाहिजे. आता काय म्हना अशा मान्साले?"

काय म्हणावं ते मलाही कळेना. परत येताना माझे पाय कुठं पडत होते देव जाणे. खोटारडा! ना बाबांचा कॉम्प्युटर, ना आतलं काही जपायचं. इतके दिवस मला बनवत होता. आणि त्याच्या भरवशावर मी याडीला थांबवलं होतं... मला राग आला. खूप आला. आणि त्या रागाच्या आत कुठंतरी उकळी फुटावी तसं हसू फुटत होतं, त्याचा मला आणखी राग आला.

संध्याकाळी तो आला. हातात सीडी होतीच. "ही नक्की तीच आहे," तो म्हणाला.

मी ती पाहिली. 'मुलांसाठी प्राण्यांचे आवाज'. मी पडदा त्याच्याकडं वळवला. विमलताई त्याच्याकडं पाहून प्रसन्न हसल्या.

"हे तुमचे बाबा काय?"

त्यानं चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. विमलताई तिथंच होत्या.

"नाही," तो म्हणाला. "बाबांना मिशी आहे."

"संजय भंगारवाला समदं बोलला मले. काहून केलं असं? मी काय तुमाले खेयनं वाटली?"

तो खुर्चीवर बसला. उठला. पुन्हा बसला. आणि मग टेबलावरच्या स्क्रूकडं पाहत बोलायला लागला.

"तुम्ही महागावहून येत होता. एसटीत. मांडीवर हा एवढा मॉनिटर. कंडक्टर म्हणाला, सामानाचं तिकीट काढा. तुम्ही म्हणालात, मांडीवरच्या लेकराचं तिकीट काढता काय? नाही न? मंग हे बी लेकरूच हाये. सगळी गाडी हसली. मी तुमच्या मागच्या सीटवर होतो. मीही हसलो. नंतर हसणं थांबलं, पण... बाकीचं नाही थांबलं."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला. मी ऐकला आणि ऐकला नाही.

"मंग सरय येऊन बोलाचं होतं."

"काय बोलणार होतो? तुमचं दुकान दुरुस्तीचं. यायचं तर काहीतरी बिघडलेलं पाहिजे. माझ्याजवळ सगळं चालू होतं."

"मोबाईल आनाचा."

"मोबाईल तुम्ही दहा मिनिटांत हातात ठेवला असता." तो क्षणभर थांबला. "मला लवकर होणारं काम नको होतं."

मला रडू यायला लागलं. का ते विचारू नका, मलाच माहीत नाही. "तुमाले मालूम हाये काय, हे मशीन सुरू झालं म्हनजे काय होते ते? म्या याडीले सांगतलं होतं, हे काम झालं की दिग्रसच्या पोराचं उत्तर देतो. आज झालं काम. आता घरी गेल्यावर याडी इचारन. हो म्हनलं की गूळ. संपलं."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "पण... सीडी मिळाली कुठे?"

"वावरात. याडीनं पाखरायसाठी टांगली होती. समद्या सीड्या काढून आनल्या तिनं."

"सगळ्या? मग आता ज्वारीला काहीच नाही? पाखरं?"

मी त्याच्याकडं पाहतच राहिले. "मी इथं लग्नाचं सांगून राह्यली, आन् तुमी पाखरायचं इचारून राह्यले?"

तो उठला. काहीतरी बोलणार होता, ओठ हललेसुद्धा. मग त्यानं कोपऱ्यातला त्याच्या चुकीच्या सीड्यांचा ढीग उचलला आणि वळूनही न पाहता निघून गेला. रेनकोटही नेला. झालं ते बरंच झालं, असं मी मनाला सांगितलं. मनानं काही ऐकलं नाही.

घरी याडीनं विचारलं, "झालं काम?"

"झालं."

"मंग?"

"सकायी सांगतो," मी म्हणाले आणि जेवण न करता झोपून गेले. म्हणजे पडून राहिले.

सकाळी उठले तर याडी घरात नव्हती. गोफण घेऊन वावरात गेली असणार. मी तोंडावर पाणी मारलं, दुकानातून परत आणलेल्या सीड्या पदरात घेतल्या आणि निघाले. वाटेत मी हो म्हणायचा सराव करत होते. हो, याडी. हो. नाल्यापर्यंत जमलं. नाला ओलांडल्यावर जीभच वळेना.

आणि तिथून मला दिसलं. आमच्या वावरात, कोवळ्या उन्हात, काहीतरी चमकत होतं. एक चमक, दोन, पाच. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, याडी कमरेवर हात ठेवून उभी. आणि ज्वारीच्या ओळीत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अंगभर कुसं चिकटलेला श्रेयस दोरीला सीडी बांधत होता. प्रिंटरची. घरबसल्या इंग्रजी. भजनं. 'कुणी नेऊ नये' वाऱ्यावर गरगर फिरत होती.

"कोन व्हय रे तू?" याडी त्याला विचारत होती. माझ्याकडं तिचं लक्ष नव्हतं.

"मी... बँकेत असतो."

"बँकवाला ज्वारीतले पाखरं कायले हाकलते?"

"तुमच्या सीड्या माझ्यामुळे उतरल्या ना. म्हणून म्हटलं... माझ्या कामाच्या नव्हत्याच या कधी. इथे तरी चालतील." मग त्यानं मला पाहिलं आणि त्याच्या हातातली सीडी सुटली. प्राण्यांचे आवाज धुऱ्यावर घरंगळत माझ्या पायापाशी येऊन आडवे झाले.

याडीनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. माझी याडी शाळेत गेली नाही, पण तिला असल्या गोष्टी वाचायला वेळ लागत नाही.

आता बोलले नाही तर कधीच नाही, हे मला कळलं. "याडी," मी म्हणाले. "काम झालं की उत्तर देतो म्हनलं होतं. तं आयक. सेवादास चांगला हाये. पन माह्यं उत्तर नाही हाये. यानं मले अजून काही इचारलं नाही, पुढं इचारन का नाही ते बी मालूम नाही. नाही इचारलं तरी माह्यं उत्तर नाहीच हाये."

"विचारणार होतो!" ज्वारीतून तो ओरडला. "काल दुकानातच विचारणार होतो. पण मला वाटलं... आधी पाखरांचं बघावं. नुकसान करून मागायला कसं यायचं?"

याडीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग गोरबोलीत, मला ऐकू येईल एवढ्यानंच म्हणाली, "ई कोर छ." हा आपला नाही, परका आहे. तिच्या आवाजात राग नव्हता. काळजी होती, आणि ती खोटी नव्हती. बापू, माझे वडील, काय म्हणतील, तांडा काय म्हणेल, यवतमाळची ती योगासनंवाली आई काय म्हणेल, ते सगळं त्या तीन शब्दांत होतं.

"मालूम हाये मले," मी म्हणाले.

ती धुऱ्यावरून खाली उतरली आणि त्याच्याजवळ गेली. तिनं त्यानं बांधलेली एक सीडी धरून ओढली. गाठ सरळ सुटून आली.

"हे काय गाठ म्हनाची? वारा आला की गेली." तिनं दोरी दोन बोटांत धरली, एक फास, एक उलटा पीळ, आणि आवळली. "अशी. पाह्यलं? आता तू कर."

त्यानं केली. चुकली. तिनं पुन्हा दाखवली. मी पदरातल्या सीड्या धुऱ्यावर ठेवल्या आणि तिथंच बसले.

ऊन वर चढलं. अर्ध्या वावरात सीड्या लागल्या. मग श्रेयसनं हात वर केले आणि म्हणाला, "दोरी संपली."

"बस? इतलीशीच आनलीती?" याडीनं उरलेल्या अर्ध्या वावराकडं पाहिलं. मग माझ्याकडं वळली. "दिग्रसवाल्याहिले मी नाही सांगतो. ते तुह्यं उत्तर झालं. पन याचं मी आज काही बोलत नाही. हो बी नाही, नाही बी नाही. याचं काम अजून अर्धंच हाये." आणि मग त्याला, "उद्या ये. दोरी घेऊन. अर्धं टाकून पयून जाजो नको."

"नाही जाणार," तो म्हणाला. "उद्या येतो. उद्या नाही संपलं तर परवाही येतो."

तो चष्मा पुसत धुऱ्यावरून निघाला. माझ्याजवळून जाताना त्याची पावलं जरा हळू झाली, आणि मी पाहिलं – त्याच्या पँटच्या मागच्या खिशातून सुतळीचा चांगला मूठभर गुंडा बाहेर डोकावत होता.

मी चटकन याडीकडं पाहिलं. याडीही तिकडंच पाहत होती. तिनं तो गुंडा पाहिला, नीट पाहिला. मग पदर तोंडाशी धरला, वळली, आणि बिनसीडीच्या अर्ध्या ज्वारीकडं गोफण घेऊन चालायला लागली.